तिकडच्या नवऱ्याचा चेहरा

तानोला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या खिडकीत. आसाबोक्रोला माझी बदली होऊन जेमतेम महिना झाला होता. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता, फळा पुसला की त्यावर लगेच पुन्हा धुळीचा थर बसायचा, आणि मी तिसरीच्या वर्गाकडून सातचा पाढा म्हणून घेत होतो. सात सक्कंपाशी आवाज अचानक विरळ झाले. मुलं खिडकीकडे बघत होती. तिथे एक उंच, किंचित वाकलेला माणूस गजांना नाक लावून उभा होता. मला वाटलं, कुणाचा तरी बाप असेल, मुलाला शेतावर न्यायला आला असेल.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"काही नाही मास्तर. चालू द्या तुमचं." मग जरा थांबून म्हणाला, "ती दुसऱ्या रांगेतली मुलगी, तिला थोडी मान खाली घालायला सांगता का?"

मी काही बोलण्याआधीच त्या मुलीने मान खाली घातली होती. लाजून घातली असेल. त्या माणसाने तिच्या वेण्या कानामागून निघून मानेवर कशा उतरतात ते अगदी शांतपणे, हिशेब पडताळून पाहावा तसं बघितलं. "झालं," म्हणाला आणि निघून गेला.

"कोण होता हा?" मी वर्गाला विचारलं.

"तो तानो," पुढच्या रांगेतून उत्तर आलं. "तो माणसं करतो."

मला पुढे काही विचारावं लागलं नाही. मी स्वतः बाउले जमातीचाच. जन्माला येताना प्रत्येक जण तिकडे, ब्लोलोत, एक नवरा किंवा बायको मागे ठेवून येतो, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर कळतं. ते माणूस तिकडे वाट बघत असतं. बहुतेक जण मुकाट बघतात. काही रुसतात. ते रुसले की इकडे पीक करपतं, लग्न मोडतं, पोट टिकत नाही. मग त्यांना लाकडाचं शरीर करून द्यायचं, झोपायच्या खोलीत जागा द्यायची, समोर अंडं ठेवायचं, आठवड्यातली एक रात्र त्यांच्या नावाने राखायची; त्या रात्री इकडचा जोडीदार बाहेर झोपतो. माझ्या आईकडेही तिकडचा नवरा होता, हातभर उंचीचा, तेल लावून लावून गुळगुळीत झालेला. आम्ही भावंडं त्याला काका म्हणत असू. वडील काहीच म्हणत नसत. फारच वेळ आली तर नुसतं "ते".

तर तानो ही माणसं करायचा, आणि आजूबाजूच्या दहा गावांत त्याच्याइतकी चांगली कुणी करत नसे. गावाबाहेर कॉफीच्या बागेमागे त्याची जागा होती. अर्धवट झालेलं माणूस बायकांनी पाहायचं नसतं, म्हणून तिकडे एकही बाई फिरकत नसे. मी मात्र शाळा सुटल्यावर जाऊन बसू लागलो. तो लाकूड तासायची वाकस चालवायचा आणि मी वह्या तपासायचो. पोटऱ्या तो सगळ्यात आधी करायचा. "तिकडच्या माणसाला पोटऱ्या हव्यात मास्तर. पोटऱ्या नसल्या की माणूस आळशी दिसतो. आळशी नवऱ्याला अंडं कोण खाऊ घालील?" मग मांड्या, पोटावर टेकवलेले हात, लांब मान, आणि शेवटी चेहरा. चेहऱ्याशी आला की बोलणं बंद. दोन-तीन दिवसांत चेहरा व्हायचा. एका झाडाच्या खरखरीत पानांनी घासून तो माणूस पांढऱ्या कापडात गुंडाळायचा आणि पुढच्या लाकडाला हात घालायचा. एखादं माणूस करताना तो गोंधळला आहे असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहायला मला चार वर्षं लागली.

त्याची बायको अमोइन शाळेच्या फाटकाशी पिकल्या केळ्यांचे काप तळून विकायची. ती जितकी चटपटीत तितका तो संथ. तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने आनंद केला नाही. तडक न्द्री बाईकडे गेली. न्द्री बाई आमच्याकडची कोमिएन, तिच्या अंगात यायचं. तोंडाला पांढरी माती फासून, घंटा वाजवत ती दोन तास नाचली आणि मग तिने निकाल सांगितला. अमोइनचा तिकडचा नवरा संतापला आहे. दोन्ही मुलं त्यानेच परत नेली. त्याला शरीर हवं आहे, देखणं हवं आहे, आणि पोटातलं मूल फिरायला लागण्याआधी हवं आहे. उभा, केसांच्या तीन पट्ट्या, मानेवर तीन ओळी खुणा, वेणी घातलेली दाढी. त्याची रात्र सोमवारची. आणि करायचा तो तानोनेच.

"दुसऱ्या कुणाकडून केला तर?" तानोने विचारलं म्हणे.

"त्याने तुझंच नाव घेतलंय," न्द्री बाई म्हणाली.

अमोइनला त्यात नवल वाटलं नाही. "पारख आहे त्याला," ती म्हणाली.

तानोने शंभरावर बायकांचे तिकडचे नवरे केले होते. हा आणखी एक. मला वाटलं, आठवड्याभराचं काम. दोन आठवडे गेले. अमोइनने मला फाटकाशी अडवलं.

"मास्तर, तुम्ही पुरुषमाणूस. तुम्हाला तिथे जाता येतं. जा आणि बघून या, देखणा होतोय का."

"तानोलाच विचार की."

"विचारलं. म्हणतो, होईल. होईल म्हणजे काय? याच्या 'होईल'साठी माझं पोट थांबणार आहे का?" तिने कागदावर दोन काप जास्त टाकले. "ही लाच नाही हं. केळी फार पिकलीत."

मी गेलो. तानो समोर ठेवलेल्या माणसाकडे बघत बसला होता. पोटऱ्या छान होत्या. मान मात्र खांद्यात रुतलेली, आणि डोळे असे, की मला हसू आवरेना.

"हा कोण?"

"मलाही तोच प्रश्न पडलाय."

"अरे, हा कोंबडी चोरायला निघालाय."

त्याने डोकं तिरकं करून पाहिलं. "निघालाय खरा," तो म्हणाला. "मी मुद्दाम नाही केलं मास्तर. शपथ घेतो हवी तर. बसतो तो चांगला करायच्या इराद्यानेच बसतो. डोळ्यांपाशी आलो की हात असा जातो." त्याने उजवा हात पुढे करून मला दाखवला, जणू शेजाऱ्याकडून मागून आणलेली वस्तू दाखवत होता.

मी अमोइनला एवढंच सांगितलं की मान थोडी आखूड आहे.

"आणि डोळे?"

"डोळे... जरा बारीक आहेत."

"माहीतच होतं मला. जळतो मेला," ती म्हणाली, पण तिचा आवाज रागाचा नव्हता. तिने कढईतले काप उलटले. "त्याला सांगा, मलाही काही हौस नाही. पण दोन घालवलीत. तिसरं मला हवंय."

कोंबडीचोर दोन दिवसांनी कोरड्या वाऱ्याने आपोआप छातीपासून पोटापर्यंत तडकला. तानोने दुसरं लाकूड घेतलं. या वेळी मान लांब झाली, डोळे मोठे झाले, आणि काम झाल्यावर तो स्वतःच मला बोलवायला शाळेत आला.

"जमलं वाटतं," तो म्हणाला. "तुम्ही बघा. मला काही कळेनासं झालंय."

मी पाहिलं. माणूस चांगलाच होता. ओळखीचाही होता. लहानपणी झाडावरून पडून तानोच्या डाव्या कानाची पाळी चिरली होती. लाकडी माणसाच्या डाव्या कानावर तीच चीर होती.

"तानो, हा तूच आहेस."

त्याने आधी लाकडाचा कान चाचपला, मग स्वतःचा. "कान तर माझाच आहे," तो म्हणाला. आणि बराच वेळ एक बोट तिकडे, एक इकडे ठेवून बसून राहिला.

अमोइनला हे सांगितल्यावर ती हसली. "नको. एक आहे तेवढा पुरे. आणि मग सोमवारी आत कुणाला झोपवू, बाहेर कुणाला?"

चौथा महिना लागला होता. त्या रविवारी मी चर्चहून परतताना त्यांच्या अंगणात टेकलो. अमोइन उखळात कोनफळ कुटत होती. तानो भिंतीला पाठ लावून बसला होता. बसल्या बसल्या त्याने विचारलं,

"तो तुझ्या स्वप्नात येतो ना?"

"येतो."

"मग दिसतो कसा?"

"पाठमोरा."

"नेहमी?"

"नेहमीच. तो पुढे चालतो आणि मी मागून."

"मग हाक मारायची."

"हाक मारायला नाव माहीत नको?"

मुसळाचे आठ-दहा ठोके पडले. तानोने मान खाली घालून विचारलं, "पाठ कशी आहे?"

"चांगली आहे. सरळ. तुझ्यासारखी वाकलेली नाही."

"मी बसून काम करतो म्हणून वाकलीय."

"तेच म्हणतेय. तो बसून राहत नाही."

मी माझं हसू हातातल्या ताडीच्या भोपळवाटीत लपवलं. तानो मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिसरं लाकूड घेतलं आणि उभ्या आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पोटऱ्या सोडून पाठीपासून सुरुवात केली. त्या पाठीसारखी पाठ मी आजवर पाहिलेली नाही. कण्याची खोलगट रेघ मानेपासून कमरेपर्यंत अशी उतरली होती, की मागून पाहताना वाटावं, आता हा चालू लागेल. आठवड्याभरात पाय झाले, हात झाले, खुणा झाल्या, दाढी झाली. फक्त चेहऱ्याच्या जागी ओंडका. पाठीकडून माणूस, पुढून लाकूड. तो सकाळी येऊन त्याच्यासमोर बसायचा आणि संध्याकाळी उठून जायचा.

मग बाजाराच्या दिवशी अमोइनच्या पोटात कळा सुरू झाल्या. फाटकाशीच बसली. थोडं रक्तही गेलं. बायकांनी तिला घरी नेऊन निजवलं. बेउमीच्या दवाखान्यातून नर्सबाई आली, तिने उठायचं नाही अशी ताकीद दिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली की या वेळीही काही सांगता येत नाही. मी धावत कॉफीच्या बागेमागे गेलो आणि तानोला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. वाकस उचलली. आणि माझ्याकडे पाठ केली.

तो त्या दिवशी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावात त्याला लोक वाटेल ते बोलले, मीही बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पांढऱ्या कापडाचं गाठोडं छातीशी धरून गावात शिरला. माझ्या दाराशी थांबून त्याने कापड बाजूला केलं.

कपाळ रुंद होतं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ओठांच्या कोपऱ्यात किंचित काहीतरी, हसू म्हणावं तर हसू नाही. कुणाचं तरी लांबलचक बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. देखणा तर होताच.

"कुठे पाहिलास याला?"

"कुठेच नाही. खरं सांगू का मास्तर? मी बघतच नव्हतो. मला घरी जायची घाई झाली होती."

अमोइनने तो हातात घेतला, आधी फिरवून पाठ पाहिली, मग चेहरा. "हं," एवढंच म्हणाली. त्याला डोक्याशी ठेवलं, समोर उकडलेलं अंडं आणि कुटलेलं कोनफळ ठेवलं. संध्याकाळपर्यंत कळा थांबल्या. पहिल्या सोमवारी तानो आपली चटई उचलून बाहेरच्या खोलीत गेला. आठ दिवस सगळं सुरळीत होतं.

नवव्या दिवशी अफूए आत्या आली. तानोच्या वडिलांची ही थोरली बहीण, शेजारच्या गावात राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडलेले. सूनबाईसाठी कोंबडी घेऊन आली होती. कोंबडी दिली, पोटावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि म्हणाली, "आता त्या दुसऱ्यालाही भेटवा. एवढं कौतुक ऐकतेय."

अमोइनने तो तिच्या मांडीवर ठेवला. मी आणि तानो दारात उभे होतो. आत्याने बोटं फिरवायला सुरुवात केली. केस, कपाळ, नाक. बोटं ओठांच्या कोपऱ्याशी आली आणि थांबली. परत मागे गेली, कपाळावरून पुन्हा खाली आली.

"कोमोए," ती म्हणाली.

"कोण?" तानोने विचारलं.

"तुझा बाप. दुसरा कोण?" आणि मग त्या लाकडाकडे तोंड करून, जरा रागवावं तशी, "कुठे होतास रे एवढी वर्षं?"

तानोने आपला बाप पाहिलेला नव्हता. तो आईच्या पोटात असताना गोऱ्यांच्या माणसांनी कोमोएला सक्तीच्या कामावर दक्षिणेच्या जंगलात लाकूडतोडीला नेलं. तो परत आला नाही, मेल्याची बातमीही आली नाही. फोटो वगैरे कुठला असणार? त्याचा चेहरा आठवणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते आता तानोच्या घरात बसून लाकडाच्या दाढीवरून हात फिरवत होतं.

तानो बाहेर येऊन पालथ्या घातलेल्या उखळावर बसला. मीही त्याच्यापाशी गेलो.

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. मला नीट सांगा. तो जर बाबा असेल, तर बाबा माझ्या बायकोच्या खोलीत..."

"गप्प बस."

"मी गप्प बसतो. पण तो आत आहेच ना?"

सुनेचा तिकडचा नवरा म्हणून सासऱ्याचा चेहरा. असं कधी कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते पाप आहे की काय आहे हेही कुणाला सांगता येईना. संध्याकाळी म्हातारी मंडळी झाडाखाली जमली. नाना ब्रू गावात सगळ्यात वयस्क. ते म्हणाले, "हा कोमोए नाहीच. अमोइन जन्मली त्याच्याही आधीपासून तो तिकडे तिचा नवरा आहे. तेव्हा कोमोए तर इकडे होता, माझ्याबरोबर ताडी पीत होता. त्याचा चेहरा आता आठवत नाही, ताडी आठवते."

"पण नाना, मेल्यावर तो तिकडेच गेला ना?" दुसरे एक आजोबा म्हणाले.

"गेला."

"मग तिकडे गेल्यावर..."

"तिकडे गेल्यावर काय? तोवर ती इकडे आली होती."

"कोमोए मेला कधी ते कुणाला माहीत आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं. मी पाटीवर सालं मांडून पाहिली. अमोइनचा जन्म एकीकडे, कोमोएला नेल्याचं साल दुसरीकडे, मध्ये एक रेघ. तिसऱ्या रेघेला मलाच कळेना की आपण नेमकं काय शोधतो आहोत. मी पाटी पुसली. नाना ब्रू म्हणाले, "मास्तरांनासुद्धा येत नाही म्हणजे गणित अवघड आहे."

तानोने आपल्यापुरतं ठरवलं. हा काढायचा आणि चौथा करायचा. अमोइन उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "हात लावून तर बघ."

"अगं, पण तो..."

"तो कुणाचा बाप असो नाहीतर कुणाचा आजा असो. नऊ दिवस माझं पोट शांत आहे. पाचवा लागलाय. तू चौथा करेपर्यंत हा रुसला तर? मला चौथा नको. तिसरं मूल हवंय."

तानो न्द्री बाईकडे गेला, मलाही ओढून नेलं. न्द्री बाई मिरच्या वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी चेहरा सांगितला होता?"

"नाही."

"केस सांगितले, खुणा सांगितल्या. चेहरा तुझ्या हाताने दिला. तो रुसलाय का?"

"नाही."

"मग तू का रुसतोस?" तिने मिरच्या पसरल्या. "अगदीच चैन पडत नसेल तर म्हातारीला पुन्हा विचार. एकदा विचारून कुणी थांबतं का?"

म्हणून पुढच्या आठवड्यात आत्याला पुन्हा आणलं. या वेळी ओट्यावर निम्मं गाव होतं. आत्याने बोटं फिरवली, केस, कपाळ, नाक, ओठ, सगळं फिरवून झालं.

"छान केलाय," ती म्हणाली. "कोण हा?"

"आत्या, त्या दिवशी तू म्हणालीस की हे बाबा आहेत," तानो म्हणाला.

"कोमोए? छे. कोमोएची हनुवटी टोकदार होती. हा तर आमच्या गावच्या लोहारासारखा लागतोय."

"पण तू नाव घेतलंस त्याचं."

"घेतलं असेन. त्या दिवशी मला त्याची फार आठवण येत होती."

ओट्यावरच्या लोकांनी एकदम श्वास सोडला आणि हसायला सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, आता लोहाराच्या बायकोला कळवायला हवं. अमोइनही हसली. पेच सुटला होता, सुटायला हवा होता. तानो मला घरापर्यंत सोडायला आला. अर्ध्या वाटेत थांबला.

"मास्तर, आत्याला बोटांनी खरंच कळतं का?"

"कधी कळत असेल, कधी नाही."

"मग कुठल्या दिवशी कळलं असेल? पहिल्या की आजच्या?"

तो पायाने वाटेवरची धूळ सारखी करत राहिला.

"आठ दिवस मला बाप होता," तो म्हणाला. "नको त्या जागी होता, पण होता. सकाळी उठून मी बघायचो, माझं कपाळ तसंच आहे का. आज तो नुसता तिचा नवरा झाला." मग म्हणाला, "मी त्याला काढायला निघालो होतो ना? आता कुणी काढतो म्हणालं तर मी काढू देणार नाही. हे काय आहे मास्तर? मला समजत नाही."

मलाही समजत नव्हतं. मी त्याला म्हटलं की काही गोष्टी हळूहळू समजतात. हे शिक्षकाने द्यायचं उत्तर आहे, मुलांना खोटं न सांगता वर्ग सोडायचा असला की.

अफूए आत्या पावसाळ्यात वारली. नव्या कोनफळांचा सण झाला आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी अमोइनला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, मोठ्या आवाजाची. तिचं नाव अमलान. बाराव्या दिवसापासून गावात वाद सुरू झाला. काही म्हणाले, कपाळ थेट त्या लाकडासारखं. माझ्या बायकोला तानोचे कान दिसले. मला विचाराल तर मुलगी आईसारखी दिसायची, बोलायलाही आईसारखीच लागली. तानो तिला मांडीवर घेऊन तिच्या ओठांच्या कोपऱ्याकडे बघत बसायचा. बोटं फिरवून सांगेल असं आता कुणी उरलं नव्हतं.

एक अडचण मात्र त्याला शेवटपर्यंत सोडवता आली नाही. सोमवारी खोलीतून चटई उचलताना आतल्याला काहीतरी बोलून निघायला हवं, तेवढा रिवाज आहे. पण हाक कशी मारायची? सवतीला जसं बायका काहीतरी म्हणतात तसं पुरुषाने काय म्हणावं? आणि बाबा म्हणावं, तर न जाणो. त्याने मला विचारलं. मी माझ्या वडिलांचं सांगितलं, ते नुसतं "ते" म्हणत. तानोला ते रूक्ष वाटलं. कित्येक सोमवार तो दाराशी उभा राहून काहीच न बोलता निघून गेला. मग एकदा मी ओट्यावर असताना ऐकलं. अंड्याची बशी आत ठेवून, दार ओढून घेताना तो म्हणाला, "काही लागलं तर सांगा, मी इथेच आहे." पाहुण्यालाही चालेल आणि बापालाही. तेव्हापासून तो तेच म्हणतो.

अमलान आता बुआकेला दवाखान्यात नर्स आहे, तिला दोन मुलं आहेत. तानोच्या डोळ्यांत आत्यासारखाच मोतीबिंदू उतरतो आहे, त्यामुळे माणसं करणं त्याने सोडलं. मुसळं आणि पळ्या करतो. काल सोमवार होता. आज सकाळी मी गेलो तेव्हा तो बाहेरच्या खोलीतली आपली चटई गुंडाळून भिंतीला उभी करत होता.